लाइटगन घेण्याआधी हॉल मोजा

कॅसेटच्या टीव्ही गेमबरोबर यायची ती बदकं मारायची बंदूक, म्हणजे लाइटगन, माळ्यावरून काढून आजच्या एलईडी टीव्हीला जोडायचा विचार असेल, तर आधीच सांगतो, ती चालणार नाही. ती ज्या पिक्चर ट्यूबसाठी बनली होती ती ट्यूब आता घरात नाही. पण आजच्या सपाट पडद्यावरही खरा नेम धरता येतो. त्यासाठी नव्या पद्धती आहेत आणि त्यांतली सगळ्यात चांगली बंदूक पुण्यात सुटे भाग घेऊन दोन-तीन रविवारांत घरीच जोडता येते. कुठली पद्धत तुमच्या घरात चालेल हे ठरतं टीव्हीची रुंदी आणि तुम्ही उभे राहाल तिथपर्यंतचं अंतर यांवरून. बरेच जण आधी बंदूक मागवतात आणि मग कडेला गेल्यावर नेम का उडतो म्हणून हैराण होतात. म्हणून खिशात हात घालण्याआधी मेजर टेप काढा.

जुनी बंदूक का चालत नाही हे नीट समजलं की पुढचं सगळं सोपं जातं. निन्टेन्डोची झॅपर आणि तिच्या असंख्य नकला आतून फार साध्या आहेत: नळीत एक भिंग, त्यामागे उजेड ओळखणारा सेन्सर आणि एक चाप. चाप ओढला की गेम क्षणभर सगळा पडदा काळा करतो आणि पुढच्या फ्रेमला, म्हणजे पुढच्या चित्राला, बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो. दोन बदकं असतील तर एकेका फ्रेमला एकेक चौकोन. सेन्सरला आधी अंधार आणि मग उजेड दिसला, तर ज्या फ्रेमला उजेड दिसला त्या बदकाला गोळी लागली. काळ्या फ्रेमचं काम एवढंच, की कुणी बंदूक थेट बल्बवर रोखून गुण मिळवू नयेत.

यात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. पहिली म्हणजे गेमने काढलेलं चित्र त्याच क्षणी पडद्यावर येतं. पिक्चर ट्यूबमध्ये तसंच व्हायचं, कारण येणारा सिग्नल कुठेही न साठता थेट चित्र काढणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या झोताला जायचा. आजचा टीव्ही मात्र अख्खी फ्रेम आधी मेमरीत घेतो, तिचा आकार वाढवतो, रंग सुधारतो आणि मग दाखवतो. पांढरा चौकोन पडद्यावर उमटेपर्यंत गेमने वाट पाहणं सोडून दिलेलं असतं. दुसरी गोष्ट लुकलुकण्याची. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत ट्यूबवर सेकंदाला १५,६२५ ओळी काढल्या जायच्या, आणि चांगल्या बंदुकीचं सर्किट नेमकं या सुमारे १५ किलोहर्ट्झच्या लुकलुकण्यावर बसवलेलं असायचं. ट्यूबलाइटचा उजेड त्यामुळे गाळला जायचा. एलसीडीचा मागचा दिवा तसा लुकलुकत नाही, त्यामुळे बंदुकीला पडदा जणू दिसतच नाही.

प्लेस्टेशनची गनकॉन आणखी हुशार होती. तिच्या तारेला पिवळ्या व्हिडिओ केबलसाठी जोड असायची. त्यातून ती प्रत्येक फ्रेमची आणि प्रत्येक ओळीची सुरुवात ओळखायची, आणि तिथून सेन्सरला झोत दिसेपर्यंत किती वेळ गेला ते मोजून पडद्यावरची नेमकी जागा काढायची. सगळा हिशेब झोताच्या वेळेवर. झोतच नाही म्हटल्यावर ही बंदूकही निकामी.

मग बुधवारी नाहीतर रविवारी जुन्या बाजारात जाऊन ट्यूबचा टीव्ही शोधावा का? जुनं कन्सोल आणि जुनी बंदूक दोन्ही चालू स्थितीत असतील तर जरूर शोधा, त्या अनुभवाला तोड नाही. फक्त दोन सूचना. कॉम्प्युटरचं चित्र एचडीएमआयवरून एव्हीत बदलणाऱ्या डबीतून अशा टीव्हीवर नेलं तरी जुनी बंदूक चालणार नाही, कारण ती डबीही फ्रेम साठवूनच पुढे पाठवते. आणि टीव्ही मागून उघडू नका. ट्यूबच्या वरच्या टोपणाशी हजारो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ टिकतात.

दोन ठिपके का पुरत नाहीत

नव्या बंदुकांनी हिशेब उलटा केला. आता बंदुकीतच कॅमेरा असतो, तो टीव्ही कुठे आहे ते पाहतो आणि त्यावरून आपण कुठे रोखलं आहे हे काढतो. पडद्यावर काय चाललंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. म्हणून एलसीडी, ओलेड, प्रोजेक्टर सगळं चालतं.

ही पद्धत घराघरांत पोचली ती निन्टेन्डोच्या वी कन्सोलमुळे, २००६ साली. टीव्हीखाली ठेवायच्या त्या पट्टीला सेन्सर बार म्हणतात, पण तिच्यात सेन्सर नसतो. दोन टोकांना इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाचे, एलईडी असतात, एवढंच. सेन्सर, म्हणजे कॅमेरा, रिमोटच्या तोंडाशी असतो आणि त्याला ते एलईडी दोन ठिपके दिसतात. दोन ठिपक्यांवरून बंदूक किती तिरकी आहे आणि ढोबळमानाने किती लांब आहे हे कळतं, पण तुम्ही पडद्याच्या डावीकडे उभे आहात की उजवीकडे, टीव्ही वर टांगलेला आहे की खाली, हे कळत नाही. त्यामुळे दोन ठिपक्यांच्या बंदुकीत पडद्यावर खूण दाखवून ती हलवावी लागते. नळीवरून एक डोळा मिटून नेम धरला तर गोळी भलतीकडे जाते.

चार ठिपके लावले की चित्र पालटतं. कोनातून पाहिलेला आयत कॅमेऱ्याला वाकडा चौकोन दिसतो, आणि वाकड्या चौकोनाला परत आयतात बसवायच्या गणितात आठ अज्ञात संख्या असतात. प्रत्येक ठिपका दोन समीकरणं देतो, म्हणजे चार ठिपक्यांची आठ. हिशेब बरोबर सुटतो, आणि खूण न दाखवता नुसत्या नळीवरून धरलेला नेम लागतो. लाइटगन म्हणावं ते हेच, असं माझं ठाम मत आहे.

गन-फॉर-आयआर आणि ओपनफायर ही या पद्धतीची दोन सगळ्यांत जास्त वापरली जाणारी फर्मवेअर, म्हणजे बंदुकीतल्या छोट्या बोर्डात भरायची सॉफ्टवेअर. पहिलं एटीमेगा ३२यू४ चिपच्या बोर्डावर चालतं, म्हणजे प्रो मायक्रो किंवा लिओनार्डो. दुसरं खुलं सॉफ्टवेअर आहे आणि आरपी२०४० चिपवर चालतं, म्हणजे रास्पबेरी पाय पिको वगैरे. दोन्हींत डोळा एकाच जातीचा: डीएफरोबोटचा एसईएन०१५८ हा इन्फ्रारेड कॅमेरा. तो चित्र पाठवत नाही. दिसलेल्या चार सर्वांत ठळक ठिपक्यांच्या जागा तेवढ्या पाठवतो, म्हणून छोट्याशा बोर्डालाही काम झेपतं.

आता टेप

या कॅमेऱ्याची नजर आडवी ३३ अंश आणि उभी २३ अंश आहे. सगळं गणित या दोन आकड्यांत आहे.

गन-फॉर-आयआरमध्ये एलईडी टीव्हीच्या चार बाजूंच्या मध्यावर लावतात: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. तुम्ही टीव्हीसमोर मध्यावर उभे आहात आणि डाव्या कडेवर नेम धरलात, तर उजव्या कडेचा ठिपकाही नजरेत राहायला हवा. कॅमेऱ्याच्या मध्यापासून एका बाजूला साडेसोळा अंशच आहेत. त्यावरून निघणारं अंतर टीव्हीच्या रुंदीच्या साधारण साडेतीन पट येतं. तसंच खालच्या कडेवर नेम धरताना वरचा ठिपका दिसण्यासाठी उंचीच्या पाचपट अंतर लागतं. सोळास नऊच्या टीव्हीत रुंदीचा आकडाच मोठा निघतो, म्हणून तोच धरायचा.

२४ इंची मॉनिटर ५३ सेंटिमीटर रुंद असतो, त्याला सुमारे १८५ सेंटिमीटर. ३२ इंची टीव्ही ७१ सेंटिमीटर रुंद, त्याला २४५. ४३ इंची ९५ सेंटिमीटर, त्याला ३३०. ५५ इंची १२२ सेंटिमीटर, त्याला ४२० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ १४ फूट.

पुण्यातल्या नेहमीच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटचा हॉल १० बाय १५ फुटांच्या आसपास असतो, आणि टीव्ही बहुधा लांब भिंतीवर असतो. म्हणजे समोर १० फूट. त्यातून टीव्हीच्या कपाटाची खोली गेली, सोफ्याची पाठ गेली, आणि हात पुढे करून धरलेल्या बंदुकीचा एक-दीड फूट गेला. अंतर कॅमेऱ्यापासून मोजायचं असतं, सोफ्यापासून नाही. इथेच बहुतेकांची चूक होते. हातात उरतात सात-आठ फूट, २१० ते २४० सेंटिमीटर. ३२ इंची टीव्हीला हे जेमतेम पुरतं आणि ४३ इंचीला पुरत नाही.

पुरत नाही म्हणजे बंदूक बंद पडत नाही. एक ठिपका नजरेबाहेर गेला तर फर्मवेअर उरलेल्या तिघांवरून त्याची जागा अंदाजाने धरतं, आणि ते बऱ्यापैकी जमतं. दोनच उरले की नेम सरकायला लागतो, आणि ठिपका परत दिसला की खूण एकदम उडी मारते. कोपऱ्यातला शत्रू मारताना नेम उडतो अशी तक्रार असेल तर कॅलिब्रेशन, म्हणजे नेम पडद्याशी जुळवून घेणं, पुन्हा पुन्हा करत बसू नका. दोन फूट मागे जाऊन पाहा. तक्रार गेली तर कारण अंतरच.

मागे जायला जागा नसेल तर दोन वाटा आहेत. एक म्हणजे ठिपक्यांची मांडणी बदलायची. ओपनफायरमध्ये चौकोनी मांडणी निवडता येते: टीव्हीच्या वर एक पट्टी, खाली एक, प्रत्येकीत दोन ठिपके. ४३ इंची टीव्हीवर पट्टीतले दोन ठिपके मध्यापासून २५-२५ सेंटिमीटरवर ठेवले, तर आडव्या दिशेने २५० सेंटिमीटर पुरतात. उभ्या दिशेने २६५ लागतात, म्हणजे एकूण गरज ३३० वरून २६५ वर आली. आपल्याकडच्या हॉलसाठी मला हीच मांडणी योग्य वाटते. दुसरी वाट म्हणजे कॅमेऱ्यापुढे मोबाइलला लावायचं रुंद नजरेचं भिंग चिकटवायचं. नजर रुंदावते, पण बारकावा तेवढाच कमी होतो. अडीच मीटरवर ३३ अंशांत सुमारे १४८ सेंटिमीटर मावतात आणि कॅमेरा त्यांचे १,०२४ भाग करतो, म्हणजे एक पायरी दीड मिलिमीटरची. नजर दुप्पट केली की पायरी तीन मिलिमीटरची. खेळायला तेही चालतं. फक्त भिंग मध्यावर नीट बसलं नाही तर एका बाजूच्या कडेला नेम वाकडा जातो आणि कॅलिब्रेशनने तो सरळ होत नाही.

भाग आणि जोडणी

बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासच्या आणि तपकीर गल्लीतल्या दुकानांत एलईडी, रेझिस्टर, वायर, मायक्रोस्विच आणि पिको बोर्ड पाहायचे. कॅमेरा मॉड्यूल सहसा ऑनलाइनच मागवावा लागतो. खेळण्यातली बंदूक तुळशीबागेत घ्या, पण नळीत ३२ बाय १६ मिलिमीटरचं मॉड्यूल मावेल आणि मुठीत पिकोचा ५१ बाय २१ मिलिमीटरचा बोर्ड बसेल एवढी जाड बघून घ्या. दुकानात पट्टी घेऊन जायला लाजू नका.

एलईडी ९४० नॅनोमीटरचे घ्या. ८५० नॅनोमीटरचे डोळ्यांना मंद लाल दिसतात आणि अंधारात सारखं लक्ष खेचतात. याहून महत्त्वाचा आहे पसरण्याचा कोन. स्वस्तातले पारदर्शक एलईडी बरेचदा टॉर्चसारखा अरुंद झोत टाकतात, मग समोर उभं राहिलं तर उत्तम आणि शेजारी दुसरा खेळाडू उभा राहिला की त्याला ठिपके अंधूक दिसतात. व्हिशेचे टीएसएएल६२०० मध्यापासून १७ अंशांपर्यंत पसरतात आणि टीएसएएल६४०० २५ अंशांपर्यंत. दोघांनी खेळायचं असेल तर दुसरे.

एका ठिपक्याला तीन एलईडी ओळीने जोडा, एकमेकांना चिकटून. तिघांवर मिळून सुमारे ३.९ व्होल्ट पडतात, ५ व्होल्टमधून उरलेले १.१ व्होल्ट २२ ओहमच्या रेझिस्टरवर, म्हणजे प्रवाह ५० मिलिअँपिअर. पाव वॉटचा रेझिस्टर पुरेसा. चार ठिपक्यांचे मिळून २०० मिलिअँपिअर होतात, तेवढे टीव्हीचं यूएसबी पोर्ट सहज देतं, आणि टीव्ही बंद केल्यावर बहुतेक वेळा एलईडीही बंद होतात. प्रत्येक ठिपक्याला त्याचा स्वतःचा रेझिस्टर हवा. चारही ठिपके समांतर जोडून एकच मोठा रेझिस्टर लावला तर प्रवाह सारखा वाटला जात नाही आणि एक ठिपका कायम मंद राहतो. तीन एलईडींमध्ये अंतरही ठेवू नका. ते फाकले की जवळून कॅमेऱ्याला एकाऐवजी दोन ठिपके दिसतात, आणि त्याला चारच मोजता येतात.

एलईडीचा लांब पाय धनाकडे. तिघांतला एक उलटा लागला तरी तिघेही पेटत नाहीत. पेटले का ते डोळ्यांना दिसणार नाही. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून पाहा, जांभळट उजेड दिसेल. बऱ्याच फोनच्या मागच्या कॅमेऱ्याला इन्फ्रारेड गाळणारी काच असते, म्हणून पुढचा. टीव्हीचा रिमोट दाबून आधी तुमचा फोन इन्फ्रारेड दाखवतो का तेही तपासून घ्या.

लावताना ठिपके टीव्हीच्या कडेवर, तोंड सरळ पुढे. खालचा ठिपका टीव्हीच्या रिमोटच्या डोळ्यावर येऊ देऊ नका, रिमोटचा पल्ला कमी होतो. आधी कागदी टेपने चिकटवून पाहा, सगळं जुळल्यावरच डबल साइड टेप.

बंदुकीच्या आत कॅमेऱ्याला चारच तारा आहेत: दोन विजेच्या, दोन माहितीच्या. प्रो मायक्रोवर माहितीच्या तारा २ आणि ३ नंबरच्या पिनांना जातात. तारा आखूड ठेवा, वीतभराहून लांब नको. कॅमेरा नळीत बसवताना तो आडवा सरळ आहे ना आणि नळीच्याच दिशेला पाहतोय ना, हे सगळ्यांत आधी बघा. एक-दोन अंशांचा फरक कॅलिब्रेशन सांभाळून घेतं, पण कॅमेरा पाच अंश खाली झुकलेला असेल तर उभ्या साडेअकरा अंशांतले जवळजवळ निम्मे वाया गेले, आणि मग खाली नेम धरला की वरचा ठिपका दिसत नाही, भलतीच जमीन दिसते. गरम ग्लूने तात्पुरता बसवा, चालवून पाहा, मग स्क्रू.

चापासाठी माउसमध्ये असतो तसला मायक्रोस्विच घ्या, कमी दाबाचा. खेळण्यातली मूळ पत्र्याची पट्टी ठेवली तर चाप ओढताना अख्खी नळी खाली झुकते आणि प्रत्येक गोळी नेमाच्या खाली बसते.

फर्मवेअर चढवणं दोन मिनिटांचं काम. पिकोवर बूटसेलचं बटण दाबून धरून यूएसबी लावली की पेनड्राइव्हसारखा ड्राइव्ह दिसतो, त्यात यूएफटू फाइल टाकायची. ड्राइव्ह दिसलाच नाही तर पहिला संशय केबलवर घ्या. फक्त चार्जिंगच्या केबलमध्ये माहितीच्या तारा नसतात. प्रो मायक्रो वापरत असाल तर त्याचं मायक्रो यूएसबी पोर्ट नाजूक असतं, ओढाताणीत बोर्डावरून सोलून निघतं. केबल मुठीत शिरते तिथे गाठ मारून किंवा झिप टाय लावून ताण अडवा.

नेम भरकटतो तेव्हा

कॅमेऱ्याला ठिपका म्हणजे काय ते कळत नाही. त्याला तापलेलं, चमकणारं काहीही ठिपका वाटतं. पिवळा बल्ब, हॅलोजन, आणि हो, देवघरातलं निरांजन. ज्योतीतून भरपूर इन्फ्रारेड निघतो. हॉलमध्येच देवघर असेल आणि ते टीव्हीच्या शेजारी असेल, तर संध्याकाळी दिवा लागल्यावर नेम एका बाजूला ओढला जातो. दिवाळीत टीव्हीच्या कपाटावर पणत्या ठेवल्या तर तेच. एलईडी ट्यूब आणि एलईडी बल्ब मात्र निरुपद्रवी, त्यांतून इन्फ्रारेड जवळजवळ नसतो. हॉलमध्ये रात्री पाहणारा सीसीटीव्ही कॅमेरा असेल तर त्याच्याभोवतीचे एलईडी तुमच्या एलईडींच्याच जातीचे असतात.

याहून फसवं असतं प्रतिबिंब. आपल्याकडच्या चकचकीत व्हिट्रिफाइड फरशीत आणि टीव्हीखालच्या काचेच्या किंवा सनमायकाच्या फळीत खालच्या एलईडीचं प्रतिबिंब पडतं. कॅमेऱ्याला पाच ठिपके दिसतात, तो चार उचलतो, आणि कधी चुकीचे चार उचलतो. कॅमेऱ्याची चाचणी दाखवणारी खिडकी दोन्ही फर्मवेअरच्या कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रॅममध्ये आहे. ती उघडून सगळ्या कडांवर बंदूक फिरवा. ठिपका एखाद्या जागी दुहेरी दिसला किंवा थरथरला, तर तिथे फळीवर काळं कापड किंवा जाड सतरंजीचा तुकडा टाकून परत पाहा. फरक लगेच कळेल.

पश्चिमेच्या गॅलरीतून संध्याकाळचं ऊन टीव्हीच्या बाजूच्या भिंतीवर पडत असेल तर जाड पडदा ओढा. याला दुसरा उपाय नाही.

कॅलिब्रेशन नेहमी जिथून खेळणार तिथूनच, आणि उभं राहून खेळणार असाल तर उभं राहूनच करा. कॅमेरा नळीत असतो आणि डोळा वरच्या माशीवर (नेम धरायच्या उंचवट्यावर), त्यामुळे दोघांत काही सेंटिमीटरचा फरक राहतो. अंतर बदललं की तो फरक पडद्यावर वेगळा दिसतो. दोन मीटरवर जुळवून तीन मीटरवरून खेळलात तर नेम किंचित वर-खाली जाणारच.

एलईडी न लावता

भाड्याचं घर, टीव्हीला काही चिकटवायचं नाही, डाग द्यायची (सोल्डरिंगची) सवय नाही, अशांसाठी ब्रिटनमधल्या अँडी सिंडन यांची सिंडन लाइटगन आहे. तिच्यात साधा रंगीत कॅमेरा असतो आणि गेमच्या चित्राभोवती एक पांढरी चौकट काढली जाते. कॉम्प्युटर कॅमेऱ्याच्या चित्रात ती चौकट शोधतो आणि तिच्या चार कोपऱ्यांवरून तोच वाकड्या चौकोनाचा हिशेब करतो. चारास तीनच्या जुन्या गेमना दोन्ही बाजूंना काळी जागा उरतेच, तिथे चौकट छान बसते. पडदाभर पसरणाऱ्या गेममध्ये चित्र थोडं आत घ्यावं लागतं.

हिची दुखणी वेगळी. पडद्यावर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडलं आणि ते चौकटीला छेदून गेलं तर चौकट तुटते आणि नेम हरवतो. टीव्हीमागची भिंत पांढरी असेल आणि तिच्यावर लख्ख उजेड असेल, तर कॅमेऱ्याला चौकट कुठे संपते ते नीट कळत नाही. म्हणून आधी खोलीतला उजेड मागच्या बाजूला न्या, मग सॉफ्टवेअरमध्ये कॅमेऱ्याचं एक्स्पोजर कमी करत जा, इतकं की चौकट पांढरी आणि बाकी सगळं जवळजवळ काळं दिसेल. दोन बंदुका एकाच यूएसबी हबवर लावू नका. दोन कॅमेऱ्यांचं चित्र एका तारेतून जाताना गुदमरतं, त्यामुळे वेगवेगळी पोर्ट वापरा. ओलेड टीव्हीवर तासन्‌तास एकाच जागी पांढरी चौकट ठेवू नका, तिचा डाग पडद्यावर कायमचा राहण्याचा धोका असतो.

चार ठिपक्यांची बंदूक मला अधिक भरवशाची वाटते, कारण तिला पडद्यावरच्या उजेडाची गरजच नाही आणि कॉम्प्युटरवर भार नाही. पण डब्यातून काढून तासाभरात खेळायचं असेल तर सिंडनला पर्याय नाही.

टीव्ही आणि कॉम्प्युटर

टीव्हीचा गेम मोड चालू करा. एवढ्या एका बदलाने जो फरक पडतो तो दुसऱ्या कशाने पडत नाही. नेहमीच्या सिनेमा मोडमध्ये चित्र सुधारण्यात बऱ्याच टीव्हींचा १०० मिलिसेकंदांहून अधिक वेळ जातो, म्हणजे ६० फ्रेमच्या गेममध्ये सहा फ्रेम. पळत्या लक्ष्यावर नेम अचूक असूनही गोळी मागे पडते, आणि माणूस उगाच बंदुकीला दोष देतो. त्यानंतर चित्राच्या आकाराची सेटिंग पाहा. बरेच टीव्ही एचडीएमआयचं चित्र किंचित मोठं करून कडा कापतात. तसं असेल तर मध्यावर नेम बरोबर आणि कडेकडे जाल तसा चुकत जातो. टीव्हीवर याला कुठे जस्ट स्कॅन, कुठे फिट टू स्क्रीन म्हणतात. कॉम्प्युटरचा टास्कबार आणि चारही कोपरे पूर्ण दिसले की सेटिंग बरोबर.

कॉम्प्युटरला ही बंदूक माउससारखी दिसते, फक्त सरकत्या नाही तर थेट जागा सांगणाऱ्या माउससारखी. एक खेळाडू असेल तर फार काही करावं लागत नाही. दोघे असतील तर विंडोज दोन्ही बंदुका एकाच खुणेत मिसळतं. रेट्रोआर्क या जुने गेम चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये इनपुट ड्रायव्हर रॉ निवडा आणि प्रत्येक पोर्टला वेगळा माउस इंडेक्स द्या. लिनक्सवर युडेव्ह. प्लेस्टेशनच्या गेमसाठी पोर्टचा प्रकार गनकॉन करायला विसरू नका, नाहीतर गेमला वाटतं साधं कंट्रोलर लागलंय आणि चाप ओढून काहीच होत नाही. मेम (MAME) या आर्केडचे गेम चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये लाइटगन चालू करून ऑफस्क्रीन रीलोडची सेटिंग द्या, मग पडद्याबाहेर गोळी झाडून बंदूक भरता येते. एवढं करायचा कंटाळा असेल तर बटोसेरा लिनक्स ही जुन्या गेमसाठीच बनलेली सिस्टीम पेनड्राइव्हवर घालून पाहा. त्याला यातल्या बऱ्याच बंदुका आपोआप ओळखता येतात आणि सिंडनची चौकटही ते स्वतःच काढतं. गेम मात्र आपल्या मालकीच्या डिस्कवरूनच घ्या.

धक्का

बंदुकीत सोलेनॉइड, म्हणजे वीज दिली की आतला लोखंडी दांडा झटक्याने ओढणारी गुंडाळी, बसवला की प्रत्येक गोळीला मुठीत खराखुरा धक्का बसतो, आणि मशीनगनच्या गेममध्ये तर सगळी मजाच बदलते. पण बोर्ड जळतात तेही इथेच. सोलेनॉइड बोर्डाच्या पिनला थेट जोडायचा नाही. मध्ये मॉस्फेट, म्हणजे विजेने उघडणारा आणि बंद होणारा स्विच, हवा, आणि वेगळा १२ किंवा २४ व्होल्टचा अॅडॉप्टर हवा, ज्याची ऋण तार बोर्डाच्या ऋण तारेला जोडलेली असेल.

दुकानात मॉस्फेट मॉड्यूल मागितलं की बरेचदा आयआरएफ५२० चं हातात देतात. तो पूर्ण उघडायला १० व्होल्ट लागतात. बोर्डाच्या ५ व्होल्टवर तो अर्धवट उघडतो आणि तापतो, पिकोच्या ३.३ व्होल्टवर तर सोलेनॉइड नुसता गुरगुरतो. प्रो मायक्रोला आयआरएलझेड४४एन चालतो. पिकोला एओ३४०० सारखा, अडीच व्होल्टलाच पूर्ण उघडणारा घ्या. त्याच्या गेटपासून (बोर्डाची तार लागते त्या पायापासून) ऋणापर्यंत १० किलोओहमचा रेझिस्टर लावा, नाहीतर यूएसबी लावल्या लावल्या बोर्ड जागा होईपर्यंत सोलेनॉइड मनाने ओढला जातो. सोलेनॉइडच्या दोन टोकांवर १एन४००७ डायोड उलटा, म्हणजे पट्टीची बाजू धनाकडे. हा डायोड विसरलात तर सोलेनॉइड सुटताना उसळणारं व्होल्टेज आधी मॉस्फेट आणि मग बोर्ड घेऊन जातं.

धक्क्याचा काळ ३० ते ५० मिलिसेकंद पुरे. त्याहून जास्त ठेवला तर धक्का वाढत नाही, गुंडाळी तेवढी तापते आणि आतलं प्लास्टिक मऊ पडतं. धक्का बसताच नेम क्षणभर गोठत असेल किंवा कॅमेरा बंद पडत असेल, तर सोलेनॉइडच्या आणि कॅमेऱ्याच्या तारा नळीत एकत्र बांधलेल्या आहेत का पाहा. त्या वेगळ्या बाजूंनी न्या, आणि अॅडॉप्टरच्या टोकाशी १,००० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचा कपॅसिटर लावा.

बंदूक काळी ठेवू नका. ठळक केशरी किंवा पिवळा रंग द्या, निदान नळीच्या टोकाला तरी, आणि मित्राकडे नेताना बॅगेत घालूनच न्या. रस्त्यावर किंवा पीएमपीच्या बसमध्ये ती खेळण्यातली आहे हे लांबून कुणाला कळत नाही. दुसऱ्या खेळाडूची बंदूक वेगळ्या रंगाची केलीत तर सॉफ्टवेअरमध्ये पहिली कुठली आणि दुसरी कुठली हेही दर वेळी शोधावं लागत नाही.